अंडाशयाचा कॅन्सर, स्टेज ३सी : ‘आई किती वर्षं काढेल?’

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : आईंचं वय ५६, राहणं ऐरोलीला. पोट फुगतंय म्हणून तपासलं तर अंडाशयाचा कॅन्सर निघाला, हाय ग्रेड सीरस (सर्वांत जास्त आढळणारा, वेगाने वाढणारा प्रकार), स्टेज ३सी (पोटाच्या आत पसरलेला). आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो. सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजायचा आकडा, सुरुवातीला १,१८० होता, केमो संपताना १४. शेवटच्या केमोला पाच आठवडे झाले, स्कॅन स्वच्छ आहे, पण परवा सीए-१२५ चा आकडा २१ आला. नेटवर ‘पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ३० टक्के’ असं वाचून तुमची झोप उडाली. तुमचे प्रश्न तीन : आई किती वर्षं काढेल, २१ म्हणजे परत आला का, आणि हे तिला सांगायचं का. जनुकीय तपासणीचं विचारलं तर ‘ते नंतर बघू’ असं उत्तर मिळालं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमच्या सगळ्या मजकुरात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच वाक्य. त्यावर खाली सविस्तर लिहिते, कारण तिथे दिवस मोजून हातात आहेत.

आधी तो ३० टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही. अमेरिकेच्या कॅन्सर नोंदींमध्ये अंडाशयापुरता मर्यादित असलेल्या कॅन्सरला पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, आणि पोटात लांबवर किंवा पोटाबाहेर पसरलेल्याला ३० टक्क्यांच्या आसपास. पण त्या दुसऱ्या गटात कोण कोण आहे ते बघा. ८० वर्षांच्या, केमो न झेपलेल्या बायका आहेत. ज्यांचं ऑपरेशनच होऊ शकलं नाही त्या आहेत. स्टेज ४ आहे. शिवाय पाच वर्षांचा हिशोब मांडायचा तर आजार किमान पाच वर्षांपूर्वी सापडलेला असावा लागतो, म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणींना आजच्या गोळ्या मिळालेल्याच नव्हत्या. सहा केमो पूर्ण झाल्या, ऑपरेशन झालं, स्कॅन स्वच्छ आला, अशा बाईचं गणित त्या गर्दीबरोबर मांडता येत नाही.

दुसरं म्हणजे डॉक्टर कधी कधी ‘मीडियन’ सांगतात आणि घरचे तो मुदतीसारखा ऐकतात. समजा एखाद्या गटाचा मीडियन चार वर्षं आहे. याचा अर्थ निम्म्या बायका चार वर्षांच्या आत गेल्या आणि निम्म्या त्यापुढे जगल्या, इतकाच. मी घरच्यांना एका आकड्याऐवजी पट्टा सांगते. ढोबळ नियम असा, की साधारण निम्म्या पेशंट मीडियनच्या निम्मं ते दुप्पट या पट्ट्यात येतात, म्हणजे या उदाहरणात दोन ते आठ वर्षं. दहातली एखादी तिपटीपर्यंत जाते, आणि दहातल्या एखादीला पाव वाटाही मिळत नाही. चार वर्षं हा आकडा मी फक्त समजावण्यासाठी घेतलाय, तो आईंचा नाही.

लांबची शेपटी खरी असते. कॅलिफोर्नियाच्या कॅन्सर नोंदणीचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात ११,५४१ बायकांपैकी ३,५८२ जणी, म्हणजे जवळपास ३१ टक्के, दहा वर्षांहून जास्त जगल्या. त्यात लवकर सापडलेले आणि सौम्य प्रकारचे आजार अर्थातच जास्त होते. पण त्या दहा वर्षं पार केलेल्यांत ९५४ जणी अशा होत्या ज्यांचा आजार पसरलेला किंवा आक्रमक म्हणून जास्त धोक्यात धरला होता.

आता दुसरी बाजूही स्पष्ट सांगते, कारण अर्धं सत्य सांगून उपयोग नाही. स्टेज ३ मध्ये पहिल्या उपचाराने आजार दिसेनासा झाला तरी दहातल्या सात-आठ जणींना तो केव्हातरी परत येतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणून डॉक्टर ‘बरं झालं’ म्हणायला कचरतात. आणि म्हणूनच एकेक वर्ष आजाराविना गेलं की पुढचं भाकीत आपोआप सुधारत जातं. आज सांगितलेला आकडा दोन वर्षांनी शिळा झालेला असतो.

मग आईंचं स्वतःचं भाकीत कुठे शोधायचं? त्यांच्याच फायलीत. मी नवीन पेशंटची फाइल उघडली की स्कॅनच्या आधी ऑपरेशनची नोट वाचते. या आजारात पुढचं सगळ्यांत जास्त ज्यावर ठरतं ती गोष्ट तिथे लिहिलेली असते : सर्जनने पोट बंद करताना डोळ्यांना दिसेल असा आजार आत उरला होता का? काहीच उरलं नसेल तर नोटमध्ये ‘आर-झिरो’ किंवा ‘दिसणारा आजार शिल्लक नाही’ अशा अर्थाचं वाक्य असतं. इथे एक गफलत नेहमी होते. ‘ऑप्टिमल डिबल्किंग’ (डिबल्किंग म्हणजे आजार कापून काढणं) हे शब्द वाचून घरचे समजतात की सगळं निघालं. पण त्या शब्दांत एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी राहिलेल्या असल्या तरी चालतात. शून्य शिल्लक आणि थोडं शिल्लक यांच्या निकालात बराच फरक आहे. म्हणून नोटवरच्या शब्दावर न थांबता सर्जनना थेट विचारा : ‘पोट बंद करताना काही दिसत होतं का, आणि असेल तर कुठे?’ आतड्याच्या पातळ पडद्यावरचे बारीक दाणे आणि यकृतावरच्या घुमटाकार पडद्यामागचा आजार, या दोन जागा हमखास अवघड जातात.

आधी केमो मग ऑपरेशन केलं म्हणून काही बिघडलं का, असंही तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. पोटात पाणी आणि आजार भरपूर असताना आधी तीन केमो देऊन मग ऑपरेशन करणं ही मान्य पद्धत आहे. २०१० आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा पेशंटमध्ये दोन्ही क्रमांचं आयुष्य सारखंच आलं, आणि आधी केमो दिलेल्यांना ऑपरेशनचा त्रास कमी झाला. तो विषय मनातून काढून टाका.

फायलीतला दुसरा कागद ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. पोटातली चरबीची झालर, म्हणजे ओमेंटम, काढून तपासतात आणि केमोचा परिणाम किती झाला याला एक ते तीन गुण देतात. रिपोर्टवर ‘सीआरएस’ असं लिहिलेलं असतं. तीन म्हणजे जिवंत कॅन्सर जवळपास उरलाच नव्हता, ही चांगली खूण. एक म्हणजे केमोने फारसं काही केलं नाही. तिसरी गोष्ट सीए-१२५ किती वेगाने उतरला. शेवटच्या आकड्याइतकाच उताराचा वेग बोलका असतो. पहिल्या शंभर दिवसांतले किमान तीन आकडे तारखांसकट दिले की ‘केलिम’ नावाचा एक निर्देशांक काढता येतो. एक किंवा जास्त आला तर केमोला आजार चांगला जुमानतो असं समजतात. सगळे आकडे तारखेसह एका कागदावर उतरवून न्या, डॉक्टर दोन मिनिटांत काढून देतील.

हे सगळं हाय ग्रेड सीरस प्रकाराबद्दल आहे. तुमच्यासारखंच वाचत असलेल्या इतर कोणाच्या रिपोर्टवर बॉर्डरलाइन, ग्रॅन्युलोसा सेल, जर्म सेल किंवा लो ग्रेड असं लिहिलेलं असेल, तर तो जवळपास वेगळाच आजार आहे. यातलं काही त्याला लावू नका.

आता तपासणीचं. हाय ग्रेड सीरस असलेल्या दर पाच-सहा जणींत एकीला बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात जन्मजात दोष असतो. घरात आधी कोणाला कॅन्सर नसला तरी असू शकतो, त्यामुळे ‘आमच्याकडे कोणालाच नाही’ हे तपासणी टाळण्याचं कारण होत नाही. याखेरीज काही जणींत दोष फक्त गाठीत असतो. आणि बीआरसीए ठीक असूनही पेशींची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा मोडलेली असते, त्याला एचआरडी पॉझिटिव्ह म्हणतात. सगळं धरून या प्रकारच्या जवळपास निम्म्या बायका एचआरडी पॉझिटिव्ह निघतात.

हे कळून काय करायचं? पार्प गटाच्या गोळ्या. कॅन्सरच्या पेशीची दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते, गोळी दुसरी बंद करते, आणि पेशी मरते. बीआरसीए दोष असलेल्या स्टेज ३ आणि ४ च्या बायकांना केमोनंतर दोन वर्षं या गटातलं ओलापॅरिब दिलं, त्या चाचणीचा सात वर्षांनंतरचा निकाल असा : गोळी घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात, न घेतलेल्यांपैकी ४६.५ टक्के. हा आकडा तुमच्या ३० टक्क्यांशेजारी ठेवून बघायचा मोह होईल, पण तेवढं सरळ नाही. नोंदणीतली मोजणी निदानापासून सुरू होते, या चाचणीतली केमोला चांगला प्रतिसाद मिळाल्यानंतर. पण आई आज उभ्या आहेत त्या दुसऱ्या ठिकाणीच.

बीआरसीए ठीक आणि एचआरडी पॉझिटिव्ह असेल तरी फायदा आहे, तिथे बेव्हासिझुमॅब या सलाइनमधून द्यायच्या औषधासोबत ओलापॅरिब किंवा नुसतं निरापॅरिब (पार्प गटातलीच दुसरी गोळी) असे पर्याय असतात. दोन्ही निगेटिव्ह असेल तर फायदा अगदी थोडा, आणि मग खर्च आणि त्रास यांच्या तराजूत मी बरेचदा गोळीच्या विरोधात कौल देते.

घाई कशासाठी ते आता लक्षात येईल. ओलापॅरिब शेवटच्या केमोनंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं, निरापॅरिब बारा. तुमचे पाच गेले. रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागतात. आठवडा इकडेतिकडे झाला म्हणून दार बंद होत नाही, पण ‘नंतर बघू’ला आता जागा नाही. याच आठवड्यात दोन गोष्टी पाठवा. एक, जन्मजात दोषासाठी रक्त; जांभळ्या झाकणाची एक नळी पुरते आणि उपाशीपोटी असण्याची गरज नसते. दोन, एचआरडीसाठी गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला तुकडा. इथे नेमकं सांगा की केमोच्या आधी घेतलेल्या बायोप्सीचा ब्लॉक हवा. ऑपरेशनचा तुकडा केमोनंतरचा असतो, त्यात कॅन्सरच्या पेशी कमी उरलेल्या असतात आणि ‘नमुना अपुरा’ म्हणून रिपोर्ट परत येतो, त्यात तीन आठवडे पाण्यात जातात. ब्लॉक ज्या लॅबमध्ये बायोप्सी झाली तिथून अर्ज करून मिळतो. बायोप्सी नंबर आणि आईंचं ओळखपत्र जवळ ठेवा.

तुमच्या डॉक्टरांशी यावर बोलणं अडत असेल तर दुसरं मत घ्यायला संकोच करू नका, कोणी दुखावत नाही. ऐरोलीहून खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा हॉस्पिटलचंच केंद्र, ट्रान्स-हार्बर लोकलने जवळ आहे, परळचं टाटाही आहे. ठाणे-नवी मुंबईत जिथे ट्यूमर बोर्ड भरतो, म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात, अशी जागा निवडा. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलात बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारा की तपासणी आणि गोळ्या यांतलं काय बसतं. ओलापॅरिबची गोळी दोन वर्षं चालवायची असते. सहा महिन्यांनी पैसे संपून बंद पडण्यापेक्षा हिशोब पहिल्याच दिवशी मांडलेला बरा. कंपन्यांच्या सवलतीच्या योजनाही असतात, त्याची चौकशी केमोच्या डे-केअरमधल्या सिस्टरकडे करा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

गोळी सुरू झाली तर ओलापॅरिबचा पूर्ण डोस ३०० मिलिग्रॅम सकाळी, ३०० संध्याकाळी. पहिल्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन उतरतं आणि मळमळ असते, त्यामुळे दर महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी. हिमोग्लोबिन फार उतरलं तर गोळी थांबवतात आणि मग २५० वर आणतात. हे अपयश नाही, डोस कमी करूनही औषध चालतं. निरापॅरिबमध्ये प्लेटलेट पडतात आणि बीपी चढतं, म्हणून पहिला महिना दर आठवड्याला रक्त तपासतात. ७७ किलोच्या खाली वजन असलेल्यांना ते २०० मिलिग्रॅमवरच सुरू करावं, आपल्याकडच्या बहुतेक बायका यात येतात. ओलापॅरिबवर असताना एक गोष्ट विशेषतः आपल्या हवेत जपायची : पावसाळ्यात नायट्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. त्या ओलापॅरिबची रक्तातली पातळी धोकादायक वाढवतात. त्वचेच्या डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवल्याशिवाय काही घेऊ नका. ग्रेपफ्रूट नको, आणि त्याच कुळातलं पपनसही नको. काढे, अर्क, कॅप्सूलमधली हळद, काय चालू आहे ते सगळं डॉक्टरांना सांगा.

आता तो २१. सीए-१२५ ची सामान्य मर्यादा ३५ आहे. एकदा सामान्य झालेला आकडा परत आजार दाखवतोय असं म्हणायला तो ३५ च्या दुप्पट, म्हणजे ७०, किंवा वर जावा लागतो, आणि किमान आठवड्याच्या अंतराने दोनदा. १४ चा २१ होणं म्हणजे आजार परतला असं नाही. लॅब बदलली का बघा. एकदा ठाण्यात, एकदा वाशीत तपासलं तर मशिनच्या फरकानेच एवढा बदल होऊ शकतो. पोटातली कुठलीही जळजळ, यकृताचा त्रास, टीबी यांनीही तो चढतो. एकच लॅब धरा आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतरानेच करा. सलग तीन वेळा चढत गेला, भले ३५ च्या आत, तर मात्र मी महिन्याभरात पुन्हा करून पाहते आणि गरज वाटली तर स्कॅन सांगते.

दर पंधरा दिवसांनी मनानेच सीए-१२५ करून घेणं थांबवा. रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट येतो आणि पुढचे तीन दिवस घरात कोणी जेवत नाही. २०१० साली ५२९ बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात नुसता आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू केलेल्या आणि लक्षणं दिसेपर्यंत थांबलेल्या, दोघी सारख्याच जगल्या. आधी सुरू केलेल्यांच्या वाट्याला जवळपास पाच महिने आधी केमो आली, एवढंच. ती चाचणी पार्पच्या गोळ्यांच्या आधीची आहे, म्हणून मी सीए-१२५ पूर्ण सोडून देत नाही. पण आकड्यावर उपचार करत नाही.

त्यापेक्षा शरीराकडे लक्ष द्या. वजन वाढलेलं नसताना परकराची नाडी घट्ट होऊ लागली, दोन घासांत पोट भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, बद्धकोष्ठ नव्याने सुरू झालंय, आणि हे दोन आठवडे टिकलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा. उलट्या, फुगलेलं पोट आणि वारा सरणं पूर्ण बंद, असं एकत्र झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आतड्याला अडथळा असू शकतो, आणि अशा वेळी घरी एरंडेल किंवा जुलाबाची गोळी दिली तर आतडं फुटायचा धोका असतो. एकच पाय सुजून दुखू लागला तर रक्ताची गुठळी समजून तातडीने दाखवायचं. बाकी तपासण्या पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत चार ते सहा महिन्यांनी. हातापायाच्या मुंग्या केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधामुळे असतात, त्या हळूहळू कमी होतात, कधी थोड्या राहतात. तोवर चप्पल अंगठ्याची नको, मागे पट्टा असलेली घ्या, पायाला कळत नाही म्हणून बायका घरातच पडतात.

आणि परत आलाच तर? तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते तो तारखेचा : शेवटच्या कार्बोप्लॅटिनपासून, म्हणजे केमोच्या मुख्य औषधापासून, किती महिने गेले? सहा महिन्यांहून जास्त असतील तर तेच औषध पुन्हा चांगलं चालण्याची शक्यता असते, आणि जितकं अंतर जास्त तितकी जास्त. गाठी मोजक्या असतील, पोटात पाणी नसेल, प्रकृती चांगली असेल आणि पहिल्या वेळी काही शिल्लक राहिलं नसेल, तर दुसऱ्या ऑपरेशनचाही फायदा होतो. अशा निवडक पेशंटच्या चाचणीत मीडियन ४६ महिन्यांवरून ५३.७ महिन्यांवर गेला. दुसऱ्या फेरीत कार्बोप्लॅटिनची अ‍ॅलर्जी अचानक येऊ शकते, साधारण आठव्या डोसच्या सुमारास. तळहात खाजले, चेहरा लाल झाला, छाती भरून आली की सलाइन चालू असतानाच सिस्टरना हाक मारायची. सहा महिन्यांच्या आत परतला तर वाट अवघड असते, तिथे औषधं कमी काळ चालतात आणि त्रास कमी ठेवणं हाच उपचाराचा मोठा भाग होतो.

आईंना सांगायचं का? सहा केमो घेतलेल्या बाईला आपल्याला काय झालंय हे ठाऊक असतं. तिला माहीत नसतं ते हे, की घरात कोणाशी त्यावर बोलता येईल. आकडा सांगून सुरुवात करू नका. ‘डॉक्टर पुढचं सांगणार आहेत, तुला किती ऐकायचंय?’ एवढं विचारा. काही जणींना सगळं हवं असतं, काहींना ‘तू ऐकून घे आणि मला पुढे काय करायचं तेवढं सांग’ असं हवं असतं. दोन्ही बरोबर. मात्र जनुकीय तपासणीसाठी त्यांची सही आणि समज दोन्ही लागतात, त्यामुळे तेवढं तरी बोलावंच लागेल, आणि बहुतेक घरांत पुढचं बोलणं तिथूनच सुरू होतं.

तुम्ही स्वतःबद्दल काही विचारलं नाहीत, पण ३१ वय लिहिलंय म्हणून सांगते. आईंचा बीआरसीए रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्हाला आणि भावाला तो दोष असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के. मावशी आणि मामांनाही कळवावं लागेल. तुमच्यात निघाला तर अंडाशय आणि बीजनलिका काढून घेण्याचा सल्ला बीआरसीए-१ ला ३५ ते ४०, बीआरसीए-२ ला ४० ते ४५ या वयात देतात, मुलं झाल्यावर. तोवर स्तनांची तपासणी वेगळी आखावी लागते. भीतीपोटी दर वर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करत बसू नका : दोन लाखांहून जास्त बायकांच्या ब्रिटनमधल्या चाचणीत त्याने एकही जीव जास्त वाचल्याचं दिसलं नाही. आईंचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तुम्हाला या तपासणीची सहसा गरजच उरत नाही. म्हणून आधी त्यांचं रक्त जाऊ द्या, रिपोर्ट हातात आला की पुढचं लिहा.